डाव्या पायाची सवय

माझ्या नव्या गाडीचा क्लच वर्षभरातच घासला. शोरूमने 'चालवण्याची चूक' म्हणून वॉरंटी नाकारली. तक्रारीचे कागद मी क्रमाने लावले; फक्त मेकॅनिकचा लेखी शेरा राहिला होता.

शहापूरला हायवेवरचा एक वऱ्हाडी मेकॅनिक बॉनेट न उघडताच शेजारी बसला. ग्रीसने माखलेले तळहात मांडीवर उताणे ठेवून म्हणाला, "चालवा मॅडम." पाच किलोमीटर तो माझ्या पायांकडेच पाहत होता.

परत येऊन मी इंजिन बंद केलं, कागद काढला. "लिहून देता ना?"

तो हसला. "शोरूमवाले एकदाच खरं बोलले, अन् तुमी त्यायच्यावरच केस टाकून राहिल्या! खाली पाहा न जी."

बंद गाडीतही माझा डावा पाय क्लचवर टेकलेलाच होता; रस्ताभर तो असाच क्लच घासत आला होता. गाडी चालवण्याच्या वीस वर्षांत मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.