तलावातलं मीठ आणि बी.एस्सी. साहेब

चार जुनी माणसं चहाला बसली की आमच्या साहेबांचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा तर मागे दुसरा उभा! दादरला समुद्राकाठी पोहण्याचा तलाव होता. भरतीला पंपाने समुद्राचं पाणी आत घ्यायचं. मी तिकीट-खिडकीवर, तुकाराम पंपावर, आणि पाण्यातलं मीठ मोजायला साहेब. बी.एस्सी.! हे ते दिवसातून तीनदा सांगायचे.

*

मीठ मोजायची काचेची नळी असते. पाणी जितकं खारट, तितकी वर तरंगते. आमची नळी साहेबांच्या हातून फुटली. दुसऱ्या दिवशी ऐटीत नवी घेऊन आले.

तुकाराम म्हणाला, "साहेबानू, ह्यां दूध मोजूचां आसा!"

"नळी ती नळी! तू पंप बघ!"

महिनाभर आम्ही समुद्रात कोणी पाणी घातलंय का, ते तपासत होतो!

*

बूट भिजू नयेत म्हणून साहेब नमुना कुठला घेणार? जिथे लोक गोड्या पाण्याच्या नळाखाली अंग धुतात, त्या पायरीजवळचा!

"मीठ कमी आहे! दोन पोती टाक!"

तुकारामने मधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "बरोबर आसा. टाकूक नको."

साहेबांनी टाकायला लावलंच. संध्याकाळी माणसं डोळे चोळत माझ्या खिडकीशी. शिव्या कोणाला? मला!

*

तेव्हापासून तुकाराम त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. बिचारा आठ वर्षं टेंपररी. पर्मनंट झाला की गावाहून बायकोमुलांना काळाचौकीच्या खोलीवर आणणार होता. ऑर्डर निघणार, तेवढ्यात साहेबांची तक्रार: "हरताळाच्या दिवशी गैरहजर."

अहो, संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ! अख्खी मुंबई गैरहजर होती! मला असा संताप आला!

चौकशीला हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. आमच्या बी.एस्सी.ने रजिस्टर पुढे केलं. "बघा, त्या दिवशी मी स्वतः येऊन मीठ मोजलंय. आकडा आहे, सही आहे."

"काय रे तुकाराम?"

"मोजलां आसतलां, साहेबानू. पण तलाव तर रिकामो होतो. शेवाळ घासूक मिया आदल्या दिवशीच उपसललो!"

मी त्याच तारखेची 'सफाईसाठी बंद' लिहिलेली पाटी आणून टेबलावर ठेवली.

मोठ्या साहेबांनी रजिस्टर मिटलं. "बरं. आज पाण्यात मीठ कसं आहे?"

आमच्या साहेबांनी उगाच खिसे चाचपले. मग मान न वळवता हळूच म्हणाले, "तुकाराम, कसं आहे रे?"

तुकारामने शांतपणे हात पुसले.

"तां पर्मनंट माणसाक इचारा, साहेबानू!"