दुखन्याची कनगी

तवा रेशनचं पिवळं कार्ड आसंल त्यालाच पुन्यात दवाखाना फुकट व्हता. आमचं केशरी. म्हनून एकदा देवळात बैठक बसली. कुनी म्हनलं, ज्याचं दुखनं त्यानं बघावं. कुनी म्हनलं, सरकारनंच सगळ्यांचं करावं, आसंल त्याच्याकडनं जास्त घ्यावं. पन सरकारची वाट कोन बघनार? मग ठरलं, देवळात तांदळाची कनगी ठेवायची. भात झोडलं की ज्याचं खळं मोठं त्यानं जास्त घालायचं, आन ज्याच्या घरात दुखनं त्यानं तांदूळ इकून दवाखाना करायचा. उरसाला तांदूळ आसाच गोळा व्हायचा, म्हनून कुनाला जड गेलं न्हाई.

चुकलं ते हितंच. पुढं हिंजवडीकडच्या जमिनी गेल्या. लोकांनी बंगले बांदले, गाड्या घेतल्या. ज्यांच्याकडं लई पैसं आलं त्यांचं खळंच ऱ्हायलं न्हाई. कनगीत घालनारं आमच्यासारखं, खडकाळ तुकड्यावालं.

त्यात माज्या मालकाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातनं दोनदा रक्त धुवायला पुन्याला न्यायचं. कनगी तळाला लागली. मी हात घालून बुडातलं दानं काढायची.

मग धाकट्या दिराकडं गेले. त्यानं खालचा मळा इकलेला. म्हनलं, भावजी, कनगीत काय तरी घाला.

तो हसला. "वैनी, नेम गावानंच केला ना? दावा माजं खळं, लगेच घालतो."

"भाऊ हाय तुमचा."

"एकदा दीन. पन आठवड्यातनं दोनदा, ते बी जलमभर, कोन देनार? आमी आमचा इमा काढलाय. ज्यानं त्यानं काढावा."

इमा काढायचं आमाला कुनी सांगितलंच न्हवतं. आन आता आजारी मान्साचा कोन काढतोय?

त्यानं एकदा दिलं, खोटं कशाला बोलू. मग रक्त धुनं दोनदाचं एकदा झालं, एकदाचं बंद. मालकाचं पाय सुजून खांबासारकं झालं. म्हनायचं, "भात कापायला तू एकटी पडशील गं." भात पोटरीत आलं, कनीस भायेर पडायच्या आत मालक गेलं.

तेराव्याला दिरानं टेंपो भरून बारीक तांदूळ आनला, समद्या गावाला जेवान म्हनून. मी पोत्यांना हात लावू दिला न्हाई. देवळात नेऊन कनगीत वतायला लावली. पंगतीला नाचनीची भाकरी आन आमटी वाढली.

दीर जवळ येऊन हळूच म्हनला, "वैनी, लोकं काय म्हनतील?"

म्हनलं, "जेवा भावजी."

खालच्या आळीतली एक बाळंतीन तवा दवाखान्यात पडली व्हती. तिची सासू दुसऱ्याच दिशी पाटी घिऊन आली. भात कापनीला यायच्या आत कनगीचा तळ पुन्हा दिसाया लागला.