डोळ्यांच्या औषधाचे तीन ससे

तळासरी पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना आलेली ती तक्रार अजून मनातून गेलेली नाही. डोळ्यांत घालायच्या औषधांची जनावरांवर चाचणी घेणाऱ्या एका प्रयोगशाळेतून तीन ससे चोरीला गेले होते. फिर्याद द्यायला तिथल्या पशुवैद्यक डॉक्टर बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "साहेब, या तिघांना सगळ्यात जास्त डोस दिलाय. एकाचा डोळा लाल झालाय. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर डोळा जाईल."

गुन्हा दाखल करून पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं, म्हणजे माणूस आतला. लवकरच जवळच्या झरी गावच्या एका दूधवाल्याने खबर दिली, "सशांची देखभाल करणारी बाई आमच्याच पाड्यातली. आता रोज कोवळं गवत कापून नेते. घरात तर एक ढोर नाय, साहेब!"

महिला शिपाई आणि डॉक्टर बाईंना घेऊन तिच्या घरी गेलो. ससे पडवीतच होते, टोपलीखाली. बाई टोपलीवर हात ठेवून बसली होती. आवाज चढवला की माणूस मिटतो, हा माझा अनुभव, म्हणून खाली बसूनच विचारलं, "का आणले, बाई?"

"चाचणी संपली की मारतात, असं ऐकलं. रोज मांडीवर घेतलंय त्यांना. कसं ठेवू तिथं?"

डॉक्टर बाई तिच्याजवळ बसल्या. "शेवटी काय करायचं ते प्रयोगांवर देखरेख करणारी समिती ठरवते. पाळायला द्या, असं मी सांगणारच होते. पण यांची तपासणी अर्धवट राहिली, तर हाच डोस नव्या सशांना द्यावा लागेल."

बाईने टोपली उचलली. मग तिने लाल डोळ्याचा ससा उचलून छातीशी धरला.

"नवे नको. हेच न्या. आता मी धरते, तुम्ही औषध घाला."

डॉक्टर बाईंनी तिथेच डोळा धुऊन औषध घातलं. बाई सशाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. तो हललासुद्धा नाही.

पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. बाईची नोकरी मात्र गेली. चाचणी संपल्यावर समितीने ससे पाळायला द्यायला मान्यता दिली, आणि डॉक्टर बाई स्वतः ते झरीला, त्या बाईच्या घरी पोचवून आल्या. डोळा वाचला होता, थोडा धूसर राहिला.

नोकरीभर मी फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर उभे केले. त्या पडवीत दोघी एकाच सशावर वाकल्या होत्या आणि दोघींचेही डोळे भरले होते. तेव्हापासून "काय केलंस" याच्या आधी मी "कुणासाठी केलंस" हे विचारू लागलो.