सुतळीच्या मापाचे बूट

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींनो, सोमवारी माझं पळायचं ग्राउंड आहे अन् आज बूट बदललेत. जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून जालन्यातल्या नेटकॅफेतूनच लिहून राह्यले.

आमच्या जाफराबादच्या घरी बूट-चपला घ्यायला पोरीला नेत न्हाईत, तिच्या पायाचं माप नेतात. बाबांनी माझ्या पायाला सुतळी लावली, गाठ मारली अन् बूट आणले. लांबीला बराबर. पण पंजाची रुंदी सुतळीला काय कळणार? पळून पळून अंगठ्याचं नख काळं पडलं.

आज हट्टानं त्यांच्यासोबत इथं जालन्यात, मस्तगडच्या दुकानात आले. नुसते घालून बघितले तर सगळेच चांगले वाटले. मंग म्हणलं, पळून बघते.

"इथं गल्लीत? लोकं बघून राह्यले," बाबा म्हणाले.

मी पळाले. एका जोडात टाच निसटली. दुसऱ्यात टाच धरून राहिली, बोटंही मोकळी. वळून बघितलं तर बाबा माझ्या चपला हातात घेऊन गल्लीच्या मधोमध उभे, सायकलवाल्यांना थांबवून. "अजून एक चक्कर मार," म्हणाले.

सोमवारपर्यंत बूट रुळतील का? नव्या बुटात ग्राउंड दिलेली कुणी असेल तर जल्दी सांगा. बाबा बाहेर खोकं काखेत धरून उभे आहेत, अन् त्यांना मी सांगून बसलेय की आता काहीच टेन्शन न्हाई.