विशालाक्षी मामींचा ब्रेक

विशालाक्षी मामींनी चेन्नईतल्या अर्ध्या अड्यारला गाडी शिकवली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण पाव अड्यारला शिकवली, यावर मी पैज लावायला तयार आहे. तंजावरी मराठी घरातली ही बाई. सुती साडी, वेणीत मल्लीपूचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणि पायांत कापडी बूट. छोट्याशा लाल गाडीच्या टपावर 'एल'ची पाटी, उजवीकडे घामाघूम झालेला शिष्य आणि डावीकडे मामी. त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता.

"भिऊ नक्को, कण्णा. ब्रेक माझ्यापाशी आहे!" हे वाक्य त्या अशा थाटात टाकत, की नाटकमंडळीत असत्या तर रोज टाळी घेतली असती. त्या एका वाक्यावर किती भित्रे लोक माउंट रोडवर गाडी घालू लागले!

पण गेल्या उन्हाळ्यात एक शिष्य दुधाच्या व्हॅनवर जाऊन आदळला. कुणाला साधं खरचटलंही नाही. पिशव्या फुटल्या, रस्ता पांढरा झाला, गल्लीतल्या मांजरांची दिवाळी झाली. शिष्य तर हसत घरी गेला. मामींचा पाय मात्र त्या दिवसापासून ब्रेकवरून हलेना. शिष्यानं तिसरा गिअर टाकला की ब्रेक. लांबवर कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं दिसलं नाही, तर ते आता येईल म्हणून ब्रेक. शिकणारे एकेक करून गळाले. शेवटी उरली रंजनी, नोकरीसाठी नाशिकहून आलेली. तीही म्हणाली, "मामी, रागावू नका, पण गाडी मी चालवतेय असं मला एकदाही वाटलं नाही." आणि यायची थांबली.

मामींनी ड्रायव्हिंगची शाळा बंद करायचं मनाशी ठरवून टाकलं.

ही बातमी हरिणीच्या कानावर गेली. हरिणी ही मामींची जुनी शिष्या. मैलापूरच्या एका गल्लीत रिव्हर्स घेताना तिनं शहाळ्यांची अख्खी रास लोळवली होती. आता तीच पोरगी लोकांना विमान चालवायला शिकवते!

"मामी, रविवारी मोकळ्या आहात ना? चला, एक धडा देते."

"मला? या वयात?"

"मला शिकवताना तुम्ही वय विचारलं होतं का?"

"तेव्हा तू अठराची होतीस, टवळे!"

तरीही मामी गेल्या. चेंगलपट्टूच्याही पुढे, शेतांच्या मधोमध एक छोटी धावपट्टी होती, आणि तिच्या टोकाला पांढरं, चार जणांचं विमान उभं होतं.

"अय्यो, हे तर आपल्या ऑटोचं थोरलं भावंड दिसतंय," मामी म्हणाल्या.

विमानात शिकणाऱ्यानं डावीकडे बसायचं असतं आणि गुरूनं उजवीकडे. इथेच सगळा घोटाळा झाला. मामी डावीकडे, हरिणी उजवीकडे. जागा त्याच, भूमिका तेवढ्या बदललेल्या. मामींच्या शरीराला हा बदल कुणी सांगितलाच नव्हता. विमान जरा पुढे सरकलं, तशी मामींनी आरोळी ठोकली, "हळू! बघून!" आणि पाय दाबला. तिथल्या पेडलांच्या वरच्या भागात खरेच ब्रेक असतात. विमानानं नाक खाली घातलं आणि जागच्या जागी थांबलं.

"मामी, ब्रेक लावून उडायचंय का?"

"सवय गं."

"पाय खाली घ्या. उडवते मी."

विमान वर चढलं. खाली पालार नदीची वाळू, भातखाचरं, ठिकठिकाणी चमकणारी तळी. मामी 'मुरुगा, मुरुगा' पुटपुटत होत्या. वर गेल्यावर हरिणी म्हणाली, "आता हँडल तुमच्या हातात. मी सोडलं."

मामींनी ते लाटण्यासारखं आवळून धरलं. विमान आधी वर निघालं, मग डावीकडे कलंडलं. त्यांनी घाबरून बाजूला पाहिलं. हरिणीचे दोन्ही हात मांडीवर.

"धर ना गं!"

"नाही धरणार. मूठ सैल करा."

"पडलो तर?"

"पडत नाही आपण. सैल करा, मामी."

मामींनी बोटं सैल केली. विमान जरा डुललं आणि हळूहळू सरळ झालं. मग त्यांनी ते आपल्या हातांनी उजवीकडे वळवलं, पुन्हा डावीकडे वळवलं. समोरून एक घार गेली, तिला वाट देताना मामींच्या तोंडून 'हॉर्न कुठाय?' असंही निघून गेलं.

"तुला भीती नाही वाटत, असं दुसऱ्याच्या हाती सोडून बसायची?" त्यांनी विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते." हरिणीची नजर समोरच होती, मांडीवरची बोटं तयार होती. "पण मीच धरून बसले तर तुम्ही काय शिकणार?"

उतरताना हँडल पुन्हा हरिणीनं घेतलं. "चाकं टेकताना ब्रेकवर पाय नको, टायर फुटेल," ती म्हणाली. जमीन जवळ येऊ लागली, तसे मामींचे पाय शिवशिवले. त्यांनी ते मागे ओढले, एकमेकांत अडकवले आणि डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या. चाकं टेकली. मामींनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

परतताना लाल गाडी हरिणीनं चालवली. मामी आपल्या नेहमीच्या जागी, डावीकडे. सिंगपेरुमाळ कोविलपर्यंत त्या विमानाबद्दल बोलत होत्या, मग आवाज बंद. हरिणीनं वळून पाहिलं. मामी तोंड उघडं टाकून चक्क घोरत होत्या. ज्या सीटवर त्यांनी कधी डुलकीही घेतली नव्हती, त्या सीटवर!

तांबरमच्या गर्दीत त्यांना जाग आली. डोळे चोळत त्या म्हणाल्या, "काय गं, बैलगाडी हाकतेयस? घाल की पुढे!" मग पर्समधून फोन काढून त्यांनी रंजनीला लावला.

"उद्या सकाळी ये. हो, बीच रोडला जाऊ. गाडी तूच चालवायची... मी? मी बाजूला बसून इडली खाईन."