दीड वीत खाली

काउंटीच्या शेती-सल्ला ऑफिसात टेबलं चार आणि माणूस एक. तो माणूस म्हणजे माझी बायको, उल्का. एकजण रिटायर झाला, दोघं सोडून गेले, आणि त्या जागा भरायचं वरच्यांच्या काही मनात येत नाही. अकोल्याला शेतकी शिकलेली ही बाई तेव्हापासून तीनशे शेतांना एकटी पुरी पडते. मी ओटावाला एसीत बसून सॉफ्टवेअर लिहितो आणि घरी येऊन दमलो म्हणतो. म्हणायचो.

जूनमधल्या एका शनिवारी तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी ड्रायव्हर.

"वीकेंडला तरी फोन ऑफ ठेवत जा ना," मी कुरकुरलो.

"क्लिफर्डच्या बागेत फायर ब्लाइट शिरलाय, प्रताप. संध्याकाळी रेन आहे. तू फक्त ड्राइव्ह कर."

क्लिफर्डची सफरचंदाची आठशे झाडं, वडिलांनी लावलेली. शेंडे विस्तवावर धरल्यासारखे काळे पडून वाकलेले. हा करपा पावसाबरोबर झाडाझाडांवर पसरतो; त्याआधी रोगट फांद्या छाटल्या नाहीत तर बाग हातची जाते. क्लिफर्ड दोन दिवस छाटतच होता, पण काळं संपतं तिथेच कापत होता. उल्काने नखाने साल खरवडली. बाहेरून हिरव्यागार फांदीत आतून तांबूस रेघ खाली गेली होती.

"इथून दीड वीत खाली," तिने बोटं ताणून मोजून दाखवलं. म्हणजे फळं धरलेली धडधाकट फांदी कापायची! क्लिफर्डने कात्री खाली घेतली. मीही घेतली असती.

पण आठशे झाडं आणि माणसं तीन. संपलंच, मला वाटलं.

"शेजाऱ्यांना फोन कर," उल्का म्हणाली.

क्लिफर्डने फोन खिशातच ठेवला. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे ते लोक, त्यांना आपल्या बागेतला रोग कोण सांगेल?

"उद्या तो त्यांच्याकडेही जाईल. आमच्या गावाकडे याला इर्जिक म्हणतात. शेजारी राबतात, तू जेवायला घाल."

अकराजण आले. पलीकडच्या बागेची ॲलिसन सगळ्यांत आधी, स्वतःची कात्री घेऊन. आणि उल्का? तिने कात्री हातात घेतलीच नाही! मी चिडलो. इथे एकेक मिनिट मोलाचं, आणि ही प्रत्येकाकडून एकेक फांदी कापून घेत उभी. चुकला की पुन्हा मोजायला लावायची. दुपारी पाहिलं तर ते अकराजण मागून आलेल्यांना बोटं ताणून शिकवत होते. ओळीमागून ओळ साफ होत होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षांच्या संसारात ही बाई मला दिसलीच नव्हती.

क्लिफर्डने करपलेले हॉट डॉग वाढले आणि साडेपाचला पहिले थेंब आले, तेव्हा शेवटची ओळ संपली होती.

तीन आठवड्यांनी आम्ही पोहे खात होतो, तेवढ्यात ॲलिसनचा फोन आला. उल्काने स्पीकरवर टाकला आणि सवयीने गाडीची किल्ली उचलली.

"क्लिफर्डकडे एकही नवा शेंडा काळा नाही," ॲलिसन म्हणाली. "काल माझ्या चार झाडांवर दिसला. यू डोन्ट हॅव टू कम, उल्का. आय कट इट. दीड वीत."

उल्काने किल्ली खाली ठेवली आणि हमसून हमसून रडली. तिला आलेल्या इतक्या फोनांत 'येऊ नकोस' म्हणणारा हा पहिलाच होता.