विल्मुंड, विगेरचा मुलगा

मठाच्या विणशाळेत हुनिथपेक्षा म्हातारी बाई दुसरी नव्हती. दलदलीकाठच्या गावात ती जन्मली, तिथल्याच मागावर तिचा हात बसला. तेव्हाच्या विगबाल्ड राजाचा धाकटा भाऊ विगेर तिच्याकडे झगा विणून घ्यायला आला आणि तिलाच घेऊन गेला. संसार थोडाच झाला. विगेर लढाईत पडला, लहानगा मुलगा तापाने गेला. हुनिथ मठात आली आणि पुन्हा मागाला बसली.

राजा विगमुंडने आपल्या घराण्याची वंशावळ लिहून मागितली, तेव्हा ते काम फादर टिलबर्ट यांच्याकडे आलं. तिथे ते अडकले. दरबारचा भाट गायचा की विगमुंड हा विगबाल्ड राजाचा मुलगा. उत्तरेकडच्या मठातल्या नोंदीत मात्र ‘विल्मुंड, विगेरचा मुलगा’ असं होतं. नावं इतकी सारखी की मुलगा एकच असं त्यांनी धरलं; मग एकाच मुलाला बाप दोन कसे? विगेरची बायको आपल्याच मठात आहे हे कळल्यावर ते विणशाळेत आले.

“हुनिथआजी, दोघांतला खरा बाप कोण?”

“दोघंही.”

शेजारच्या मागावर टेट्टा फिसकन हसली.

“टेट्टे, दात आवर. फादर, पोरंच दोन होती. मोठ्या जावेचा विगमुंड, माझा विल्मुंड. त्या घरात सगळ्यांचीच नावं ‘वि’वरून. जेवायला एकाला हाक मारावी तर निम्मं घर पानावर येऊन बसायचं.”

फादर हसले, मग गंभीर झाले.

“दुसरा मुलगा होता असं लिहिलं, तर उद्या कुणीही उठून म्हणेल, तो मीच, मेलोच नव्हतो. गादी मागेल. माणसं मरतील, आजी.”

“पण तो गेलाय. माझ्या मांडीवर गेला.”

“माझा विश्वास आहे तुमच्यावर. मी असं लिहितो: विगमुंड, ज्याला विल्मुंडही म्हणत, विगबाल्डचा मुलगा. नाव तर राहील. राजासाठी रोज प्रार्थना होते, तिच्यातही येईल.”

“ती प्रार्थना जय मिळावा म्हणून असते. माझ्या लेकराला कुणाला जिंकायचंय? त्याचं नाव रोज मेलेल्यांच्या प्रार्थनेत घेतात, त्याच्या बापापाठोपाठ. तेवढं राहू द्या.”

“जिवंत राजाचं नाव मेलेल्यांत कसं घ्यायचं?”

सुटलेला धागा हुनिथने ओला करून पाहिला, तो काही ओवला जाईना. टेट्टाने उठून तो ओवून दिला.

“अगं, राजाची आई झालीस की तू,” टेट्टा हळूच म्हणाली. हुनिथने तिच्याकडे पाहिलं, तशी ती आपल्या मागाकडे वळली.

दुसऱ्या सकाळी राजासाठी प्रार्थना झाली. दोन्ही नावं आली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग मृतांची नावं सुरू झाली. विगेरचं नाव घेतल्यावर वाचणारी सिस्टर सवयीने आणखी काही म्हणायला गेली, थबकली, आणि पुढच्या नावाकडे वळली. हुनिथ अजून मान खाली घालून थांबली होती.